प्रेशर बनलं का?

एसटी स्टँडवर फलाटाला गाडी लागते, चालक हँडब्रेक ओढतो आणि गाडीखालून मोठ्याने 'फुस्स' होतं. शेजारचं एखादं पोर दचकून आईला बिलगतं. बारा वर्षं मोटारी दुरुस्त करूनही तो आवाज नेमका कसला, हे मला सांगता आलं नसतं. कारच्या मेकॅनिकला तो सांगता येण्याचं कारणही नाही, कारण तसलं यंत्र कारमध्ये नसतंच.

पुण्यात माझं काम छोट्या गाड्यांचं. सकाळी गाडी उघडायची, दुपारी नाना पेठेतून स्पेअर आणायचे, संध्याकाळी गाडी मालकाच्या ताब्यात. पण नव्या गाड्या वॉरंटीपायी वर्षानुवर्षं कंपनीच्या वर्कशॉपलाच जाऊ लागल्या आणि आमच्याकडे उरल्या त्या म्हाताऱ्या गाड्या. ट्रकचं तसं नाही. ट्रक उभा राहिला की मालकाचा हप्ता उभा राहत नाही, तो जिथे असेल तिथे दुरुस्त करावाच लागतो. म्हणून मी कळंबोलीला आलो. लोखंड बाजाराची वजनदार वाहतूक, न्हावा शेव्याचे कंटेनर आणि द्रुतगती मार्गाचं तोंड, सगळं तिथे हाकेच्या अंतरावर. ट्रकच्या कामाला तोटा नाही.

पहिल्याच दिवशी माझा टेस्ट लॅम्प उडाला. कारची बॅटरी 12 व्होल्टची, बल्बही 12 चाच. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. वायरला टोक लावलं, बल्ब क्षणभर पांढरा झाला आणि गेला. पोरं हसली. मला मात्र त्या फुटकळ बल्बने चांगलीच ताकीद दिली. हात जे आपसूक करतात, ते इथे प्रत्येक वेळी थांबून तपासावं लागणार होतं.

वजनाचंही तेच. छोटी कार रिकामी आठशे किलोच्या घरात. दहा टायरची गाडी 2018 च्या नव्या नियमाप्रमाणे मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जाते. कारच्या चाकाचा नट शंभर-सव्वाशे न्यूटन मीटरला आवळला की झालं. इथे साडेपाचशे-सहाशे लागतात, पान्यावर पाइप चढवून अंगाचा भार टाकावा लागतो. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कोणी शिरत नाही. आधी चाकाला लाकडी ठोकळे, मग ॲक्सलखाली घोडी, मग माणूस. केबिन पुढे कलती केली की तिचा टेकू अडकलाय का, ते हाताने हलवून पाहायचं आणि मगच इंजिनावर वाकायचं. जुन्या पद्धतीच्या रिंगच्या चाकात हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. लॉक रिंग सुटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी येते. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. ताकदीचा प्रश्नही लोक समजतात तेवढा मोठा नाही, कारण ताकद टॉमी आणि जॅक पुरवतात.

खरी अडचण डोक्यात असते आणि ती हवेपाशी येते.

कारमध्ये पायाने ब्रेक दाबला की तेल पुढे ढकललं जातं आणि ब्रेक लागतो. तेल गळलं तर ब्रेक गेला. बारा वर्षं माझं डोकं याच वाटेने चाललं होतं. ट्रकमध्ये इंजिनावर एक कॉम्प्रेसर असतो, तो टाक्यांत हवा भरतो. गॅरेजात दाब किलोत मोजतात. आठ किलोच्या आसपास टाकी भरली की अनलोडर झडप जादा हवा शिंकल्यासारखी बाहेर फेकते. रोजचा ब्रेक याच हवेवर लागतो. पायाने झडप उघडते, हवा चेंबरमध्ये जाते, दांडा पुढे येतो, स्लॅक ॲडजस्टर फिरवतो, आतला कॅम लायनर ड्रमवर दाबतो. इथवर कारवाल्याला समजतं. पण मागच्या चाकांच्या चेंबरला आणखी एक खण असतो. त्यात भक्कम स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला मागे रेटून धरते ती हवा. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक आपोआप लागतो. हँडब्रेक ओढला की होणारी ती 'फुस्स' म्हणजे स्प्रिंगवरची हवा सोडून दिल्याचा आवाज. इथे हवा असते ती गाडी मोकळी ठेवण्यासाठी.

रेल्वेने ही उलटी चाल फार आधी ओळखली होती. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा नळीत हवा भरून ब्रेक लावत. पण डबा सुटला की नळी तुटायची आणि ब्रेकच जायचा. मग त्यानेच मांडणी फिरवली. नळीतला दाब उतरला की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागावेत, अशी. ट्रकच्या स्प्रिंगची रचना वेगळी असली तरी त्यामागचा विचार त्याच घराण्यातला आहे.

मला हे सगळं शिकवलं ते वस्तादांनी. ते एसटीतून निवृत्त झालेले. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. त्या एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांनी महाराष्ट्राला किती हात दिले, याची मोजदाद कोणी करत नाही. वस्ताद दापोडीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागले होते. नुसती चेसिस आत यायची आणि अंगावर बॉडी चढवून बस बाहेर पडायची, तिथले ते. हत्यार खाली ठेवताना कधी आवाज करत नसत.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मागच्या चेंबरमधून हवा गळत होती. मी खाली सरपटत गेलो, दोन खणांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या नटाला पाना लावला आणि अर्धा आटा फिरवला. वस्तादांचा हात माझ्या मनगटावर आला.

"हात काढ आधी."

काढला.

"आत काय आहे, सांग."

"डायफ्रॅम."

"तो पुढच्या खणात. मागच्या खणात काय?"

मी गप्प. ते पाठीवर झोपून माझ्या शेजारी आले. मागची रबरी टोपी काढली, चेंबरच्या बगलेत ठेवलेला लांब बोल्ट काढून आत घातला, पाव आटा देऊन अडकवला आणि नट आवळत गेले. एकेक आट्याला आत काहीतरी कण्हल्यासारखं मागे सरकत होतं. "टनाचा जोर आहे हिच्यात. पट्टा सुटला असता तर मागचं झाकण तुझ्या छातीतून गेलं असतं. तिला आधी बांधायची, मग तिच्याशी बोलायचं," ते म्हणाले. आजही चेंबरला हात लावताना माझं मनगट तो हात शोधतं.

हवेमुळे घाटही वेगळा दिसू लागला. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर अवजड गाड्यांचे अपघात झाले की लोक सरसकट 'ब्रेक फेल' म्हणतात. पण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारा चालक नेमकं काय करतो, ते पाहावं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. ब्रेकच्या प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते, नवी बनत नाही. गिअरचा अडसर नसल्याने सगळा भार लायनरवर येतो. तापून ड्रम फुगतो, लायनर आणि त्याच्यातलं अंतर वाढतं, दांड्याची चाल संपते. अशा वेळी हवा संपून स्प्रिंग जागी झाली, तरी तापलेला ड्रम तिला दाद देत नाही. चेंबर, लायनर, नळी, एकही तुटलेलं नसताना ब्रेक जातो. हे चालकांना गॅरेजातल्या मेकॅनिकनेच समजावून सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, कारण गाडीखाली झोपून त्याने ते पाहिलेलं असतं.

कारमधून येणारा माणूस रिकाम्या हाताने मात्र येत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि ट्रकच्या धुराड्यात सेन्सर बसले, शेजारी युरियाच्या पाण्याची टाकी आली. साडेबत्तीस टक्के युरियाचं ते पाणी संपलं किंवा नळीच्या तोंडाशी पांढरे खडे धरले, की इंजिन स्वतःच जोर कमी करतं आणि चालक म्हणतो, गाडी ओढत नाही. आयुष्यभर कानाने इंजिन ओळखलेले जुने कारागीर इथे अडतात. कारवाल्याने स्कॅनर वर्षानुवर्षं वापरलेला असतो. वस्ताद चष्मा कपाळावर चढवून माझ्याजवळ यायचे आणि म्हणायचे, "बघ रे, काय म्हणतंय ते." त्या दिवसांपासून आमची देवाणघेवाण बरोबरीची झाली. म्हणूनच आयटीआयमध्ये दोन वर्षांचं मोटर व्हेईकल की एक वर्षाचं डिझेल, असं कोणी पोर विचारायला आलं, तर मी दोन वर्षांचं सांगतो. विजेची बाजू पक्की असलेला मुलगा हवा सहा महिन्यांत शिकतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला खंडाळ्याच्या चढावरून फोन आला. भरलेला कंटेनर, मागची चाकं जाम, मागे गाड्यांची रांग. मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी टाकून गेलो. चालक तमिळ, मी मराठी, मध्ये मोडकी हिंदी. चेसिसच्या आतल्या बाजूला नायलॉनची नळी घासून फाटली होती, चिखलात बुडबुडे येत होते. कारवाला असतो तर ब्रेक सोडवण्याच्या मागे लागलो असतो. त्या चढावर ब्रेक सोडवणं म्हणजे कंटेनर रांगेवर सोडणं. आधी चारही बाजूंनी दगड लावले, मग फाटका तुकडा कापून जोड बसवला. बोटं गारठली होती, रिंग दोनदा निसटली.

इंजिन सुरू केलं. काटा दोनवर थरथरला, तीन, चार. बझर कर्कश वाजत होता. मी नळीवर कान ठेवून चिखलात आडवा, चालक स्टिअरिंगवर वाकलेला. पाचच्या पुढे बझर थांबला आणि पावसाचा आवाज ऐकू यायला लागला.

"प्रेशर बना क्या?" त्याने वरून विचारलं.

"रुको," मी म्हणालो. सात. साडेसात. मग अनलोडर शिंकला. त्याला पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं, आणि मगच पहिल्या दगडाला हात घातला.