अर्धा शहाणा आणि दीडशहाणा

माझी आई सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आली आहे. परवा जेवताना ती सहज म्हणाली, "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो ना, म्हणून एवढं उकडतं." आमच्या आठवीतल्या कन्येने लगेच सांगितले, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत. आपल्याकडे उन्हाळा होतो तो पृथ्वीचा आस कललेला असतो म्हणून. मी दिवसभराच्या कामाने वैतागलेला. पटकन बोलून गेलो, "दीडशहाणी आहेस!"

तिने विचारले, "बाबा, शहाणी म्हणजे चांगली ना? मग दीडपट शहाणी ही शिवी कशी?" आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "शाळेत मला नर्ड म्हणतात. म्हणून मी हात वर करणं सोडलंय."

घास घशातच अडकला. उत्तर मात्र शोधावे लागले.

मंडळी, मराठीत हा हिशेब मोठा गमतीचा आहे. अठराव्या शतकातले साडेतीन शहाणे आपण शाळेत असताना ऐकलेले असतात. पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. नानांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे; ते तिघे लेखणीबरोबर तलवारही चालवत, नाना फक्त लेखणी, असे त्याचे कारण सांगतात. म्हणजे आपल्याकडे अर्धा शहाणा हा मान आहे आणि दीड शहाणा हा अपमान! मला वाटते, याचे कारण असे, की नानांचे माप लोकांनी घेतले. दीडशहाण्याच्या अंगावरचा जादा अर्धा मात्र त्याने स्वतःच चढवलेला असतो.

आपले इतर शब्दही हेच सांगतात. पंडित ही पदवी दुसऱ्यांनी द्यायची. जो ती स्वतःच घेतो तो पंडितंमन्य. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाला वेगळी जागा दिली. हा मनुष्य खरोखर शिकलेला असतो. पण अभिमान सुटत नाही आणि सांगतो तसे वागत नाही. ज्ञानाला तिथे दोष नाही. दोष आहे तो मिरवण्याला.

इथले शब्द जरा निराळे. अमेरिकेत १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अॅडलाय स्टीव्हन्सन आणि त्यांचे सुशिक्षित समर्थक यांना 'एगहेड' म्हणून हिणवले गेले. स्टीव्हन्सन हरले, शब्द राहिला. एगहेड काय किंवा शाळेतला नर्ड काय, त्यात टोमणा आहे तो मुळात डोके वापरण्यालाच. मिरवले नाही तरी सुटका नाही.

आपण इथले बहुतेक जण इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक. बुद्धीवर पोट भरतो, म्हणून बुद्धिजीवी तर आहोतच. विचारवंत आहोत की नाही, हे दुसऱ्यांनी ठरवायचे. मंडळाच्या कार्यक्रमात वक्त्याला प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने स्वतःच दहा मिनिटे भाषण करताना मला हे आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे सगळे मी मुलीला समजावत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, पोरीने बरोबर तेच सांगितलं. मला राग आला नाही, तुला आला. मग दीडशहाणं कोण?"

मी शब्द मागे घेतला. मुलीला म्हटले, "ठाऊक आहे ते सांगणं म्हणजे मिरवणं नव्हे. उद्यापासून हात वर कर."

ती आजीजवळ सरकली आणि टेबलावरचे संत्रे तिरके धरून तिला उन्हाळा समजावू लागली. आई मन लावून ऐकत होती. चौथी शिकलेली माझी आई त्या टेबलावरची सर्वांत शहाणी होती.