फाईल नेमकी कोणाच्या ताब्यात?

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाईत २००५ मध्ये तंत्रविद्यापीठ आले आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटीही आहे. अशा शहरातील विद्यार्थ्याची टिपणे टॅबलेटवर आणि आराखडे संगणकावर असणे स्वाभाविक असल्याने या दोन यंत्रांमधील फायलींची ने-आण कशी घडते, हे जाणून घेणे तेथे विशेष उपयोगाचे ठरते.

जुन्या अँड्रॉइड उपकरणांची साठवण, केबल जोडताच, पेनड्राइव्हप्रमाणे संगणकाच्या स्वाधीन होत असे, आणि एकाच साठवणीवर दोन यंत्रांनी एकदम लिहिल्यास तिची मांडणी बिघडते म्हणून तोवर उपकरणाला स्वतःला ती वापरता येत नसे. टॅबलेटसाठी घडवलेल्या २०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, अर्थात एमटीपी, ही संवादाची ठराविक नियमावली रूढ झाली; तीत साठवणीचा ताबा टॅबलेटकडेच राहतो आणि ग्रंथपालाने मागितलेले पुस्तक काढून द्यावे तशी तो एकेक फाईल संगणकाला देतो. विंडोजला ही नियमावली अवगत आहे, मॅकसाठी मात्र वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. केबल जोडूनही फायली दिसत नसतील, तर टॅबलेटचे कुलूप उघडून पडद्यावरील सूचनेतून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडावे, आणि तरीही काही घडले नाही तर केबल बदलून पाहावी, कारण काही केबलींत केवळ चार्जिंगच्याच तारा असतात.

बिनतारी मार्गांपैकी शेअरइट आणि झेंडर ही लोकप्रिय ॲप २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होती. आज अँड्रॉइड आणि विंडोज यांच्यात फायली पाठवण्याची क्विक शेअर ही सुविधा चालते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र साध्या रीतीने पाठवल्यास त्याचा तपशील घटतो, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे इष्ट.

भिलाईसारख्या, महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतील मराठी घरांसाठी याहून मोलाची बाब मजकुराची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या अनेक लेखांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेल्या असतात. त्यामुळे फाईल सुखरूप पोहोचूनही, तो फाँट नसलेल्या टॅबलेटवर अर्थहीन रोमन अक्षरेच उमटतात. फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ वाचण्यापुरती पुरेशी असते, परंतु तीत मराठी शब्द शोधता येत नाही; म्हणून जुने लेखन संगणकावरच, तो फाँट हाताशी आहे तोवर, युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून मगच टॅबलेटवर न्यावे.