थर्माकोलला मोल येईल?

गच्चीवर पडून राहिलेला थर्माकोल काही महिन्यांत पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्याचा भुगा सुटतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही मोडतोड करतात. त्यातून हाती काही लागत नाही, उलट मातीपाण्यात सूक्ष्म प्लास्टिक पसरतं. याच प्रक्रियेला वेग आणि दिशा दिली तर?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एरिन स्टॅश यांच्या गटाने 2022मध्ये ते करून दाखवलं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन: कार्बनची लांबलचक साखळी आणि एकाआड एक कार्बनला जोडलेलं बेंझिनचं कडं. संशोधकांनी त्याच्या द्रावणात फेरिक क्लोराइड हे लोहाचं स्वस्त संयुग उत्प्रेरक म्हणून वापरलं. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो. तो कड्याशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन हिसकावतो. मोकळ्या जागी ऑक्सिजन येतो आणि साखळी तिथे तुटते. असे घाव बसत जाऊन अखेर बेंझोइक आम्ल तयार होतं. सॉस, सरबतं टिकवणारं सोडियम बेंझोएट याच आम्लापासून बनतं. आज हे आम्ल मुख्यतः पेट्रोलियममधल्या टोल्यूइनपासून बनतं. प्लास्टिक वितळवून तोडायला शेकडो अंश तापमान लागतं, इथे तशा भट्टीची गरज नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. गढूळ द्रावणात प्रकाश खोल शिरत नाही, म्हणून मोठ्या टाकीऐवजी बारीक नळ्यांतून द्रावण वाहतं ठेवावं लागतं. शिवाय एकच पदार्थ न मिळता मिश्रण मिळतं. ते वेगळं करणं आणि द्रावक परत मिळवणं, दोन्ही खर्चाचं. हे प्रश्न रासायनिक अभियांत्रिकीचे आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे ती विद्या आहे; त्यांनी हे काम हाती घ्यायला हवं.

कारण थर्माकोलचं खरं दुखणं पैशाचं आहे. त्यात सुमारे 98 टक्के हवा. टेम्पोभर माल काट्यावर ठेवला तरी वजन भरत नाही, म्हणून भंगारवाला तो घेत नाही आणि कचरावेचकाला उचलणं परवडत नाही. महाराष्ट्राने 2018मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती आणि नव्या रसायनशास्त्राच्या भरवशावर ती सैल करू नये. पण जो थर्माकोल आधीच तयार झाला आहे, त्याला भाव मिळाल्याशिवाय तो कुणी गोळा करणार नाही.