घटक ४ : ‘बनगरवाडी’तील विनोद आणि जीवनहेतूचा शोध

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ग्रामीण साहित्यातील विनोद म्हटला की आपल्याला द. मा. मिरासदारांची भोकरवाडी आणि शंकर पाटलांच्या कथा आठवतात. या दोघांसह गावोगाव कथाकथन करणारे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मात्र आपण विनोदी कादंबरी म्हणून वाचत नाही; कारण तिचा शेवट दुष्काळात होतो. तरीही तिच्यातील विनोद वगळला, तर निवेदकाला जगण्याचा हेतू कसा सापडतो हे उमगत नाही. या दोहोंचा संबंध तपासणे हा प्रस्तुत घटकाचा उद्देश आहे.

४.२ पार्श्वभूमी

कादंबरी माणदेशात, औंध संस्थानच्या मुलखात घडते. हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी हे औंध आणि आपले औंढा नागनाथ यांची गल्लत करू नये. औंध सातारा जिल्ह्यात असून त्या संस्थानातील आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला आणि १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना प्रजेला दिली. एका धनगरवाडीच्या तालमीसाठी राजेसाहेब स्वतः येतात, ही कादंबरीतील घटना या पार्श्वभूमीवर असंभवनीय वाटत नाही.

४.३ विनोदाचे स्वरूप

निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक. तो वाडीत येतो तेव्हा शाळा आहे, पण विद्यार्थी नाहीत. मुले मेंढरांमागे गेलेली असतात. मुलगा शाळेत बसला तर मेंढरे कोणी राखायची, हा वाडीचा हिशेब आपल्या जागी चोख आहे. येथे हसू कोणाचे होते, हे नीट पाहा. अडाणी मेंढपाळांचे नव्हे, तर शिकवायला येऊन स्वतःच अनेक गोष्टींत अजाण ठरलेल्या मास्तरांचे.

उपहासात लेखक उंचावर उभा राहून पात्रांकडे पाहतो. ‘बनगरवाडी’त निवेदन प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे फजितीही निवेदकाची आणि ती सांगणाराही तोच. आनंदा रामोशी चोऱ्या करणारा, आयबू निराधार. तरी दोघांचेही माणूसपण हास्यात हरवत नाही. हा विनोद माणसांना लहान करीत नाही, म्हणूनच तो वाचकाला त्यांच्या जवळ नेतो.

४.४ हेतू कोठे सापडतो?

ग्रामोद्धाराचा संकल्प करून खेड्यात जाणारा ध्येयवादी नायक आपल्या साहित्याला अपरिचित नाही. राजाराम तसा नाही. तो नेमणूक झाली म्हणून आलेला आहे. त्याला हेतू सापडतो तो लोकांनी सांगितलेल्या किरकोळ कामांतून. लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून वाडी आपल्या अडचणी त्याच्यापुढे मांडते. वृद्ध कारभाऱ्याचा विश्वास तो हळूहळू मिळवतो, कधी गमावतोही. असा गुंतत गेल्यावरच तालमीची कल्पना त्याला सुचते आणि सारी वाडी राबून ती उभी करते. हेतू आधी आणि माणसे नंतर, असा क्रम येथे नाही; माणसे आधी आहेत.

४.५ दुष्काळ आणि प्रश्न

पुढे पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात, घरे ओस पडतात, माणसे जगायला देशोधडीला लागतात आणि ओसाड वाडीतून मास्तरांनाही निघावे लागते. मग हे श्रम वाया गेले काय? परीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु मराठवाड्यातील वाचकाला तो पुस्तकाबाहेरही भेटतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे निघून जातात, तेव्हा वस्तीवरील शाळेचा पट घटतो. आपल्यापैकी जे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका आहेत, त्यांना रिकाम्या वर्गाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

माडगूळकर या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देत नाहीत. मात्र राजाराम वाडीची कथा सांगतो, हेच एक उत्तर मानता येईल. तालीम ओस पडली, पण माणसांशी जडलेले नाते निवेदनात टिकले. आरंभी आपण ज्यांच्याबरोबर हसतो, त्यांच्याच पांगण्याने शेवटी व्याकूळ होतो. आरंभीचा विनोद नसता तर ही व्याकूळता इतकी खोल झाली नसती.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. उपहास आणि ‘बनगरवाडी’तील विनोद यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘राजारामचे कार्य अपयशी ठरते’ या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या गावातील अथवा कामाच्या ठिकाणचा, स्वतःची फजिती झालेला एक प्रसंग प्रथमपुरुषी निवेदनात दहा ओळींत लिहा. त्यात हसू कोणाचे होते ते तपासा.