गाडीची यादी झाली, स्वाराची?

मोटोक्रॉसच्या शर्यतीला निघताना गाडीचा सुटा भाग विसरला तर शर्यत जाते. शरीराची तयारी विसरली तर त्याहून जास्त काही जाऊ शकते.

रविवारी शर्यत असली की शुक्रवारी रात्री स्वाराच्या अंगणात सामान मांडले जाते. स्पार्क प्लग, क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर, क्लचची केबल, ट्यूब, धुऊन तेल लावलेला एअर फिल्टर, पान्यांचा संच, पेट्रोलचा कॅन. ही यादी सहसा चुकत नाही. तीस रुपयांच्या वस्तूवाचून घरी परत यावे लागल्याचे किस्से सगळ्यांनी ऐकलेले असतात. चुकते ती स्वाराची यादी. हेल्मेट, बूट आणि जर्सी पिकअपमध्ये टाकली की तयारी झाली, असे मानले जाते.

पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांना मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती नव्या नाहीत. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २०२४ च्या जानेवारीत पुण्यातच झाली. अशा शर्यती पाहणाऱ्याला वाटते की कष्ट इंजिनाचे आहेत. प्रत्यक्षात स्वार बराचसा वेळ फूटपेगवर उभा असतो आणि शंभर किलोच्या आसपासची गाडी पाय, कंबर आणि हातांनी सावरत असतो. जागतिक स्पर्धेत दिवसात दोन शर्यती होतात, प्रत्येकी ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्या. या काळात हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास राहतात, असे स्वारांवरील अभ्यासांत दिसले आहे.

हात ‘भरून येणे’ ही प्रत्येक स्वाराची तक्रार. हँडल घट्ट धरल्यावर पुढच्या हाताच्या स्नायूंत रक्त भरते, ते फुगतात; पण त्यांच्याभोवतीचे चिवट आवरण ताणले जात नाही. आतला दाब वाढतो, बोटांतला जोर जातो आणि ब्रेक दाबणे अवघड होते. शर्यतीआधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करणे आणि पकड सैल ठेवण्याची सवय यांचा उपयोग होतो. दर वेळी दुखत असेल, बोटे बधिर होत असतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

घाम आणि मीठ

घाम वाळताना शरीर थंड होते. पण छातीचे कवच, गुडघ्यांचे पट्टे, लांब बाह्यांची जर्सी आणि बंद हेल्मेट असताना घाम गळतो, वाळत नाही. म्हणून सामानात एक साधा वजनकाटा असावा. सरावाआधी आणि नंतर वजन केले की हिशेब कळतो: एक किलो कमी झाले, तर सुमारे एक लिटर पाणी गेले. ते एका दमात न पिता पुढच्या काही तासांत, थोडे जास्तच, भरून काढायचे असते. घामातून मीठही जाते. नुसते पाणी लिटरच्या लिटर पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी ओआरएसची पाकिटे कामी येतात. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बर्फाची पेटी, बादली आणि दोन-तीन जुने टॉवेल हेही औषधच. उन्हात स्वार बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करतानाच कपडे आणि कवच उतरवून अंगावर गार पाणी ओतायला सुरुवात करायची. रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबायचे नाही.

हेल्मेट एकदाच वाचवते

हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारखा पॉलिस्टायरीनचा थर असतो. डोके आपटते तेव्हा तो चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही. मोठ्या पडझडीनंतर हेल्मेट बदलावे लागते ते यामुळे. पेट्रोलच्या वाफांनीही हा थर खराब होतो. पेट्रोलचा कॅन आणि हेल्मेट गाडीत शेजारी ठेवू नयेत.

या विचाराला इतिहास आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. उपचार करणाऱ्यांत न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स होते. पुढे त्यांनी सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती अभ्यासल्या आणि हेल्मेटमुळे इजा सौम्य होते, हे १९४१ मध्ये मांडले.

शुक्रवारीच घ्यायचा निर्णय

हेल्मेट कवटी वाचवते. आत मेंदूला बसणारा हादरा मात्र पूर्ण थांबवत नाही. हाच ‘कन्कशन’. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही, आणि सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. डोके दुखणे, अंधारी, मळमळ, एकच प्रश्न पुन्हा विचारणे, पडल्याचे न आठवणे, यातले एक लक्षणही पुरेसे आहे. क्रीडावैद्यकातला नियम स्पष्ट आहे: शंका असली तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचे नाही. पुढचा एक-दोन दिवस आराम, मग टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच सराव. वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, हातापायांत अशक्तपणा किंवा गुंगी असेल, तर थेट रुग्णालय.

नियम सोपा आहे, पाळणे अवघड. महिन्याभराची मेहनत, प्रवेश शुल्क, दूरवरून आलेले घरचे लोक. स्वार म्हणतोच, ‘मी ठीक आहे.’ पण ते ठरवणाऱ्या मेंदूलाच मार बसलेला असतो. म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही. वडील, बहीण किंवा मेकॅनिक, कोणाचा शब्द अखेरचा, हे शुक्रवारी रात्री सामान भरतानाच ठरवलेले बरे. त्या यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे, जी ट्रॅकवर कोणाकडून उसनी मागता येत नाही.

बॅगेत हेही हवे

• नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेले कार्ड

• जखम धुण्यासाठी साबण आणि स्वच्छ पाणी, गॉज, चिकटपट्टी, हातमोजे

• धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख. मातीने माखलेली जखम असेल आणि पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारावे

• जादा गॉगल. धुळीने माखलेली काच पुसत गाडी चालवता येत नाही

• पोटाला सवयीचे खाणे: पोहे, केळी, गूळ-शेंगदाणे, नवे पदार्थ शर्यतीनंतर

• ट्रॅकजवळच्या, आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयाचा पत्ता आणि रस्ता