ज्वारीच्या पानातले घड्याळ

परभणी जिल्ह्यात रब्बी ज्वारी पेरतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस लहान होऊ लागल्यावर. ज्वारी हे लघुदिवसी पीक आहे. रात्र पुरेशी मोठी झाल्याखेरीज तिचे जुने गावरान वाण पोटरीत येत नाहीत. परभणीच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. एवढासा फरक पिकाला कळतो तो पानाच्या पेशींत चोवीस तासांच्या लयीत काही प्रथिने वाढत-घटत असल्यामुळे.

ज्वारीचा फुलोरा लांबवणाऱ्या ‘एमए 1’ या जनुकाची नोंद क्विन्बी आणि कार्पर यांनी 1945 मध्ये केली. ते ‘पीआरआर 37’ हे जनुक आहे, हे टेक्सासमधील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले. पेशीतले घड्याळ त्याला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जागे करते. दिवस मोठा असला की संध्याकाळची वेळ उजेडात येते आणि फुलोरा अडतो. दिवस लहान झाला की तीच वेळ अंधारात जाते, जनुकाचा जोर ओसरतो आणि ज्वारी निसवते.

पण प्रथिनांची पातळी एका जागी स्थिर का होत नाही? याचे गणित ब्रायन गुडविन यांनी 1965 मध्ये मांडले. जनुकापासून संदेशवाहक आरएनए, त्यापासून प्रथिन, त्यापासून रोधक रेणू, आणि तो रोधक पुन्हा मूळ जनुकाला अडवतो, अशी ही साखळी आहे. प्रत्येक पदार्थासाठी एक समीकरण: किती तयार होतो, त्यातून किती नष्ट होतो. रोधक परिणाम करेपर्यंत वेळ जातो, म्हणून पातळी आधी जास्त वर जाते, मग जास्त खाली येते.

मात्र नुसता उशीर पुरत नाही, अडवणूकही तीव्र लागते. रोधकाचे प्रमाण ‘र’ आणि तीव्रतेचा घातांक ‘न’ धरला, तर आरएनएची निर्मिती एक भागिले (1 + रⁿ) या प्रमाणात होते. ‘र’ एकवरून दोनवर गेला आणि ‘न’ एकच असला, तर निर्मिती एक-द्वितीयांशावरून एक-तृतीयांशावर येते. ‘न’ नऊ असेल तर ती थेट 513 व्या भागावर कोसळते. तीन टप्प्यांच्या साखळीत आंदोलन टिकायला ‘न’ आठपेक्षा जास्त हवा, हे ग्रिफिथ यांनी 1968 मध्ये सिद्ध केले. टप्पे चार केले, तर चारपेक्षा जास्त पुरतो. लांब साखळी म्हणजे जास्त उशीर, म्हणून तीव्रता कमी चालते. या सिद्धांताचे सौंदर्य इथे आहे.

मराठवाड्यात हे गणित पुस्तकी राहत नाही. दिवसाच्या लांबीकडे न पाहता लवकर निसवणारी खरिपाची ज्वारी सप्टेंबरच्या पावसात सापडते आणि दाणे काळे पडतात; जुने वाण पाऊस सरल्यावर निसवत, म्हणून बचावत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बीचे वाण दिले आहेत. पुढचे वाण घडवताना उताऱ्याइतकेच महत्त्व निसवण्याच्या तारखेला द्यायला हवे.