दंतमूलोपचार द्रव्ये व कोशिका-प्रतिसाद

दंतमूलोपचार द्रव्ये व कोशिका-प्रतिसाद : उघड्या पडलेल्या दंतगरावर किंवा दाताच्या मुळातील नलिकेत उपचारासाठी जी द्रव्ये ठेवली जातात, त्यांच्या संपर्काने तेथील जिवंत कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) घडून येणाऱ्या बदलांना कोशिका-प्रतिसाद म्हणतात. द्रव्य, त्याची संहती (विद्रावातील प्रमाण) आणि संपर्काचा काळ यांनुसार या कोशिका मरतात, निष्क्रिय होतात किंवा नवे कठीण ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) निर्माण करतात. दीर्घकाळपर्यंत दंतवैद्यकात मूलनलिका ही केवळ निर्जंतुक करून बुजवावयाची पोकळी समजली जात असे. द्रव्य टिकते काय व गळती रोखते काय, एवढेच पाहिले जाई. कोशिकांचा विचार मागाहून सुरू झाला आणि त्यामुळे दंतगर केव्हा काढून टाकावयाचा व केव्हा राखावयाचा, यासंबंधीचे निकष बदलत गेले.

दंतगर हे दाताच्या मध्यभागी असलेले मऊ ऊतक असून त्यात रक्तवाहिन्या, तंत्रिका (मज्जातंतू) व तंतुजनक कोशिका असतात. त्याच्या कडेला दंतिनजनक कोशिकांचा एक थर असतो. दंतिनातील (दंतवल्काखालील कठीण ऊतकातील) सूक्ष्म नलिकांत या कोशिकांचे प्रवर्ध शिरलेले असतात. दंतगराभोवती कठीण भिंती असल्यामुळे शोथ (दाहयुक्त सूज) आला, तरी त्याला पसरावयास जागा मिळत नाही. दातदुखी ठणकणारी असते, ती मुख्यत्वे यामुळे. दंतिनजनक कोशिकांचे विभाजन होत नाही. इजा सौम्य असल्यास जिवंत राहिलेल्या कोशिकाच दंतिनाचा जादा थर घालतात. त्या मेल्या, तर दंतगरातील मूलकोशिकांना (विविध प्रकारच्या कोशिकांत रूपांतर होऊ शकणाऱ्या अविकसित कोशिकांना) त्यांची जागा घ्यावी लागते. अशा मूलकोशिका मानवी अक्कलदाढांतून वेगळ्या करण्यात अमेरिकेतील ग्रोंथॉस व त्यांच्या सहकाऱ्यांना २००० मध्ये यश आले. दुधाच्या दातांतही त्या असल्याचे २००३ मध्ये दाखविण्यात आले.

द्रव्यांच्या गुणावगुणांची चर्चा करताना एका प्रयोगाचा विसर पडू देता कामा नये. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या दाढांमध्ये छिद्र पाडून दंतगर उघडा केला व त्यावर कोणतेही औषध न घालता तो तसाच ठेवला. सामान्य वातावरणातील उंदरांचे दंतगर सडले. परंतु पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दातांत, अन्नाचे कण छिद्रात शिरत असतानाही, नव्या दंतिनाचा पूल तयार झाला. म्हणजे दुरुस्तीची क्षमता दंतगराच्या अंगी मुळातच असते. उत्तम द्रव्याने जंतूंना बाहेर ठेवावे आणि कोशिकांच्या कामात अडथळा आणू नये, एवढीच अपेक्षा प्रथमतः असते.

जुन्या द्रव्यांपैकी अनेक या कसोटीस उतरत नाहीत. लवंगेच्या तेलातील यूजेनॉल हे झिंक ऑक्साइडाबरोबर मिसळून भरण करण्याची पद्धत जुनी आहे. दुखऱ्या दातावर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवण्याचा घरगुती उपायही याच द्रव्यावर आधारलेला आहे. दंतिनाचा थर शाबूत असताना ते झिरपून अल्प प्रमाणात दंतगरापर्यंत पोहोचते व तंत्रिका शांत करते. तेच द्रव्य उघड्या दंतगरावर ठेवल्यास कोशिकांना विषारी ठरते, शोथ रेंगाळतो व दंतिनपूल सहसा तयार होत नाही. विसाव्या शतकात दुधाच्या दातांसाठी वापरात आलेल्या फॉर्मोक्रेसॉलचा हेतूच निराळा होता : ते ऊतक बरे न करता फॉर्माल्डिहाइडाच्या योगे जागच्या जागी स्थिर करते, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना राखावा तसे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड हे मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केल्यावर लहान मुलांमधील त्याच्या वापराविषयीचे आक्षेप बळावले.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड : जर्मन दंतवैद्य हेर्मान यांनी १९२० मध्ये हे दंतोपचारात आणले. त्याचे पीएच मूल्य सु. १२·५ म्हणजे तीव्र क्षारीय आहे. दंतगराशी संपर्क येताच वरचा पातळ थर मरतो. या मृत थराखालील कोशिकांना सौम्य चेतना मिळून त्या प्रथम कोलॅजनयुक्त आधारद्रव्य घालतात व त्यात खनिजे साठून कठीण पूल बनतो. प्रारंभिक नाशातून दुरुस्ती घडवून आणणारे असे हे द्रव्य अनेक दशके प्रमाणभूत मानले गेले. तथापि या पुलात बोगद्यासारखी छिद्रे राहतात व द्रव्य स्वतः कालांतराने विरघळते. त्यामुळे वरचे भरण गळके असल्यास जंतूंना वाट मोकळी होते.

कॅल्शियम सिलिकेट सिमेंटे : अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या एमटीए या द्रव्याचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील मुख्य भाग, १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी एकस्व (पेटंट) घेतलेल्या व आज घरबांधणीत सर्वत्र दिसणाऱ्या पोर्टलंड सिमेंटाच्याच जातीचा असून क्ष-किरण चित्रात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते. हे सिमेंट ओलाव्यात घट्ट होते, आणि रक्त व ऊतकद्रव असलेल्या जागी हा मोठाच गुण ठरतो. पाण्याशी विक्रिया होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड सावकाश मुक्त होत राहते. ऊतकद्रवातील फॉस्फेटाशी कॅल्शियमाचा संयोग होऊन पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा थर बसतो व त्यावर कोशिका चिकटून वाढतात. येथे कोशिकानाश कमी आणि पूल अधिक जाड व एकसंध आढळतो. घट्ट होण्यास लागणारे सु. पावणेतीन तास, हाताळण्यातील अवघडपणा व बिस्मथामुळे दातास येणारा करडा रंग हे त्याचे दोष होत. झिर्कोनियम ऑक्साइड घातलेल्या व कॅल्शियम क्लोराइडामुळे उत्पादकांच्या मते सु. १२ मिनिटांत घट्ट होणाऱ्या बायोडेंटिनसारख्या नंतरच्या सिमेंटांनी ते बऱ्याच अंशी दूर केले आहेत.

रेझिनयुक्त द्रव्यांचा प्रतिसाद वेगळा असतो. त्यांतील विक्रियेविना उरलेले एकवारिक रेणू कोशिकांत शिरून तेथील ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य खर्ची पाडतात व ऑक्सिजनाचे विक्रियाशील प्रकार वाढवितात. मूलनलिका बुजविताना वापरली जाणारी एपॉक्सी रेझिने ताजी असताना विषारी असतात, परंतु पूर्ण घट्ट झाल्यावर हा परिणाम पुष्कळ घटतो.

धावनद्रव्ये व अपक्व मुळे : सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते व सडलेले ऊतक विरघळवते, पण जिवंत कोशिकांनाही ते सोडत नाही, मुळाच्या टोकापलीकडे गेल्यास तीव्र वेदना व सूज येते. मुळाची वाढ पुरी होण्याआधीच अपघाताने ज्या मुलांचा दंतगर मरतो, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण पातळ भिंतींचे तसे मूळ पुढे सहज मोडते. जपानमध्ये २००१ मध्ये व अमेरिकेत २००४ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत नलिका निर्जंतुक करून टोकापलीकडील ऊतकातून रक्तस्राव घडवितात. त्या रक्ताबरोबर मूलकोशिका आत येतात. यासाठी हायपोक्लोराइटाची संहती १·५% इतकी कमी ठेवून शेवटी १७% ईडीटीए विद्रावाने नलिका धुतात. ईडीटीए दंतिनातील कॅल्शियम ओढून घेते व त्यात बंदिस्त असलेली वृद्धिकारक प्रथिने मोकळी करते. या पद्धतीला पुनर्जनन म्हटले जात असले, तरी नंतर काढलेल्या दातांच्या तपासणीत बहुधा संधानकासारखे (मुळावरील कठीण आवरणासारखे) किंवा हाडासारखे ऊतक आढळले आहे, खरा दंतगर क्वचितच.

परीक्षण : प्रयोगशाळेत द्रव्याचा अर्क कोशिकांच्या संवर्धनात मिसळून किती कोशिका जगल्या, हे मोजतात. मॉसमन यांनी १९८३ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत जिवंत कोशिका पिवळ्या रंजकाचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. मात्र बशीत रक्ताभिसरण नसते व क्षार शोषून घेणारे दंतिनही नसते. म्हणून तेथे विषारी ठरलेले ताजे सिमेंट प्रत्यक्ष दातात निरुपद्रवी असू शकते. अशा वेळी वाकडे दात सरळ करण्याच्या उपचारांत काढाव्याच लागणाऱ्या उपदाढांवर, रुग्णाच्या संमतीने, आधी द्रव्य लावून नंतर सूक्ष्मदर्शकाखाली केलेले परीक्षण अधिक विश्वसनीय असते.

पूर्ण वाढ झालेल्या दाताच्या दंतगराचा फक्त वरचा, शोथयुक्त भाग काढून उरलेल्यावर कॅल्शियम सिलिकेट सिमेंट ठेवण्याचा पर्याय युरोपातील तज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये मान्य केला. उरलेला दंतगर निरोगी आहे किंवा नाही, हे कोशिकांच्या पातळीवर त्याच जागी सांगणारी परीक्षा नित्याच्या वापरात नाही. कापलेल्या पृष्ठभागावर ओला बोळा दाबून धरल्यावर रक्त काही मिनिटांत थांबते की वाहतच राहते, यावरून दंतवैद्य तो निर्णय घेतात.